पूजेला बसलेला टेलिफोन

संध्याकाळचे सात वाजले तशी सेतुमाधवरावांनी हॉलमधली ट्यूबलाइट घालवली, खिडकीचा पडदा ओढला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून ते बोटं मोजू लागले.

"ऐका की, अंधारांत काय मोजताहांत?" स्वयंपाकघरातून तुळसीबाईंनी विचारलं.

"सतरा!" सेतुमाधवराव ओरडले. "तुळसी, ह्या घरांत सतरा लाल दिवे आहेत. टीव्ही बंद आहे, तरी त्याचा दिवा चालू. त्यावरच्या डब्याचा चालू. कॉम्प्युटरचा, टेलिफोनचा, मिक्सीच्या प्लगाचा, सगळ्यांचा चालू! निजल्या निजल्या करंट पितात हे."

"पिऊं द्या. तुम्ही कॉफी प्या," तुळसीबाई म्हणाल्या.

पण सेतुमाधवरावांना आता कॉफी गोड लागत नव्हती. रेल्वेच्या भांडार खात्यात पस्तीस वर्षं खिळे आणि बोल्ट मोजून ते निवृत्त झाले होते, आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून चार वर्षं तळमळत होते. चेन्नईतल्या अण्णा नगरच्या टॉवर पार्कात ज्येष्ठ नागरिकांपुढे कुणा इंजिनिअरचं व्याख्यान झालं. बंद दिसणारी यंत्रंही वीज खातात, प्लग काढल्याशिवाय खरी बंद होत नाहीत, असं तो म्हणाला. बाकीचे म्हातारे बिस्किटं खाऊन घरी गेले. सेतुमाधवराव मात्र धावत घरी आले आणि त्यांनी दिसेल तो प्लग उपटायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात टीव्हीवरचा डबा सगळी चॅनेलं विसरला आणि तुळसीबाईंच्या मालिकेतली सून नेमकी विष पिणार त्या वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर आला. दुपारपर्यंत इडलीचं पीठ फुगून भांड्याबाहेर पडलं, खालच्या फळीवरच्या भेंडीत शिरलं आणि दार उघडताच तुळसीबाईंच्या पायावर आलं. तेव्हा मुलाने, व्यंकटने, घरात फर्मान काढलं की अप्पांनी कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही. देवघरातला गोविंदाचं नाव घेणारा प्लास्टिकचा डबा तर त्यांनी आधीपासूनच सोडून दिला होता. तो दोन वर्षं रात्रंदिवस 'गोविंदा, गोविंदा' म्हणत होता आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी तुळसीबाई म्हणत, "देवाचं नांव बंद करालांत? करा की, बघूं!"

सेतुमाधवराव गप्प बसले. पण पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस गप्प बसतो तेव्हा तो नियमात पळवाट शोधत असतो. आणि नवरात्र आलं तशी ती त्यांना सापडली.

चेन्नईत नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. सेतुमाधवरावांकडेही नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या बायका यायच्या, कोलूपुढे बसून एखादं गाणं म्हणायच्या आणि हळदकुंकू नि द्रोणभर सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, घेऊन जायच्या. नवव्या दिवशी सरस्वतीची आणि आयुधांची पूजा. घरातली पुस्तकं आणि यंत्रं देवीपुढे ठेवायची, त्यांना गंधकुंकू लावायचं, आणि एकदा ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत कुणीही त्यांना हात लावायचा नाही. हा नियम तंजावरहून आलेल्या त्यांच्या पणजोबांच्या आधीपासूनचा.

"ह्या वर्षी पूजा यथासांग करूं," सेतुमाधवराव आदल्या दिवशी म्हणाले. "दरवर्षी आपण एक कात्री नि एक स्क्रू ड्रायव्हर ठेवतों. हें काय पूजा म्हणायचं? जी यंत्रं वर्षभर राबतात त्या सगळ्यांना एक दिवस विश्रांति पाहिजे. सगळे प्लग काढून, वायरी गुंडाळून देवीपुढे ठेवूं. फ्रिज तेवढा राहूं दे."

तुळसीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला म्हातारपणी का होईना देवाची आठवण झाली, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर दुपारी बारा वाजता हा भक्त जिन्याखाली जाऊन मीटरचा आकडा वहीत टिपून आला, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

सून सुनेत्रा हीसुद्धा उत्साहाने कामाला लागली होती. ती पुण्याची. व्यंकटशी लग्न करून वर्षापूर्वी इकडे आली तेव्हा तिथली चांगली नोकरी सोडून आली. इथे तमिळ येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि व्यंकट सकाळी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात गेला की रात्री नऊला परत यायचा. घरातली तंजावरी मराठीसुद्धा तिला पहिले तीन महिने निम्मीच कळायची. नोकरीसाठी तिने दोन मुलाखती दिल्या होत्या. त्या दोन्ही वेळी तुळसीबाईंनी प्रेमापोटी फूलवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नकार आल्यावर सगळा रस्ता तिचं सांत्वन करायला आला. म्हणून या तिसऱ्या मुलाखतीचं तिने व्यंकटखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाखत फोनवर होणार होती. अमेरिकेतला साहेब संध्याकाळी साडेसहाला घरच्या नाहीतर मोबाइलच्या नंबरावर फोन करणार होता, नेमका आयुधपूजेच्या दिवशी. त्या साहेबाला आयुधपूजा कुठून माहीत असणार?

पुण्यात खंडेनवमीला सुनेत्राच्या माहेरीही अवजारांची पूजा व्हायची. पूजा झाली, आरती झाली की तिचे बाबा त्याच झेंडूच्या माळेसकट स्कूटर काढून बाजारात जायचे. त्यामुळे सासूबाईंनी "तुझा मोबाइल दे मा," म्हटल्यावर तिने हसत हसत दिला. कॉम्प्युटरला स्वतः कुंकू लावलं. "तुझीं पुस्तकंही आण, विद्या आहे," म्हटल्यावर मुलाखतीच्या तयारीची फाइलही देवीपुढे ठेवली. कंपनीचा फोन नंबर त्या फाइलीत आणि मोबाइलमध्ये होता.

जेवणं झाली, दोन वाजले, आणि सुनेत्रा फाइल घ्यायला कोलूपुढे वाकली.

"अय्यो! हात लावूं नकोस!" तुळसीबाई ओरडल्या.

"का? पूजा झाली ना आई?"

"पूजा झाली. अत्ता उद्यां सकाळी पुनर्पूजा. तोपर्यंत देवीचं सगळं."

"उद्या सकाळी?" सुनेत्राने हात मागे घेतला. "मोबाइलसुद्धा? आणि घरचा फोन?"

घरचा फोन म्हणजे बिनतारी हँडसेटचा, विजेवर चालणारा. तो पाटावर मिक्सी आणि इस्त्री यांच्यामध्ये शेवंतीची माळ घालून बसला होता. त्याच्या कपाळावर, म्हणजे आकड्यांच्या वर, तुळसीबाईंनी ठसठशीत कुंकू लावलं होतं.

मग सुनेत्राला सगळं सांगावंच लागलं. सांगता सांगता तिला रडू आलं. "आई, ही शेवटची आहे हो. यानंतर कुठे अर्जसुद्धा केलेला नाही. दिवसभर घरात बसून मला वेड लागेल."

तुळसीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग देवीकडे पाहिलं. सून रडतेय हे एकीकडे आणि सरस्वतीपुढलं उचललं तर विद्या घरातून जाते हे दुसरीकडे, अशा त्या अडकल्या. "ऐका की!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "कांहीं तरी करा! टेलिफोन लावायला पाहिजे."

"लावायचा?" सेतुमाधवराव दचकून म्हणाले. "अत्ता? अगो, उद्यां बारापर्यंत मीटर..."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. खोलीत फक्त गोविंदाचा डबा बोलत राहिला.

"कोणता मीटर?" तुळसीबाईंनी शांतपणे विचारलं.

बत्तीस वर्षांच्या संसारात हा शांतपणा सेतुमाधवरावांनी फक्त दोनदा ऐकला होता. त्यांनी मुकाट्याने खिशातली वही काढून दिली. तीत लिहिलं होतं, 'यंत्रविरहित चोवीस तास. आरंभ दुपारी बारा.' पुढे मीटरचा आकडा आणि खाली सही.

"म्हणजे हें सगळं सरस्वतीसाठी नव्हें. मीटरासाठी!"

"दोघांसाठी," सेतुमाधवराव पुटपुटले.

त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. सून वर्षभर कशी बसून असते ते घरात दुसरं कुणी पाहत नसलं तरी ते पाहत होते. दोघंही दिवसभर रिकामे, त्यामुळे एकमेकांचं रिकामपण त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शर्ट चढवला. "चल सुनेत्रा. कोपऱ्यावरच्या बूथांतून व्यंकटला फोन करूं. त्याला त्या कंपनीचा नंबर माहीत असेल."

कोपऱ्यावरचा टेलिफोन बूथ बंद होता. दाराशी केळीचे खांब बांधलेले, पायरीवर कुंकू भरलेला कोहळा फुटून पसरलेला, आणि काचेतून पाहिलं तर आत तिन्ही टेलिफोन ओळीने माळा घालून बसलेले. शेजारचं कॉम्प्युटरचं दुकान तसंच. ऑटोस्टँडवर सहा ऑटो फुलांनी मढून उभ्या होत्या आणि त्यांचे मालक चुरमुरे खात सावलीत बसले होते. समोरच्या घरातल्या श्रीलक्ष्मीमामी फोन मागायच्या आधीच म्हणाल्या, "आज? अय्यो, आमचा तर सकाळींच देवीपुढे ठेवला." त्या दिवशी अख्ख्या अण्णा नगरात एक माणूस दुसऱ्याशी फक्त समोर उभं राहूनच बोलू शकत होता.

"आचार्यांना विचारूं," शेवटी सेतुमाधवराव म्हणाले. "तोडगा असला तर त्यांच्याकडेच असेल."

घरचे पुरोहित गुंडोआचार्य पलीकडच्याच रस्त्यावर राहत. ते नुकते जेवून झोपाळ्यावर बसले होते. सेतुमाधवरावांनी हकीकत सांगायला तोंड उघडलं तोच आचार्यांच्या कनवटीला मोबाइल वाजला. "हां, उद्यां सकाळी सहा. तांदूळ तयार ठेवा," असं बोलून त्यांनी तो परत कनवटीला लावला.

"आचार्य, तुमचा मोबाइल पूजेंत नाहीं?" सेतुमाधवरावांनी विचारलं.

"मी कोणाला करत नाहीं. लोक करतात. दाराशी आलेल्याला हाकलायचं की?" आचार्यांनी पान तोंडात टाकलं. "बोला."

सगळं ऐकून आचार्यांनी झोपाळा थांबवला. "संकल्प कोणी सोडला?"

"मी," सेतुमाधवराव म्हणाले.

"सोडतांना मनांत काय होतं?"

सेतुमाधवरावांनी सुनेकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "मीटर."

"देवीचं ध्यान नव्हतं?"

"होतं. पण मीटर जास्ती होता."

आचार्यांनी पान चघळत डोळे मिटले. ते झोपले की काय असं सुनेत्राला वाटलं. मग ते म्हणाले, "ऐका. दिलेलं परत घेतलं तर दोष. पण तुम्ही मनापासून दिलंच नाहीं. म्हणून तुम्ही हात लावलांत तर घेतलं असं होत नाहीं. बाकी कोणी लावायचा नाहीं. ही मुलगी नव्हें, तुमची बायको नव्हें. त्यांनी मनापासून दिलंय. फोन पाटावरून हलवायचा नाहीं, आपण होऊन कोणाला लावायचा नाहीं. आला तर बोला."

आपण घरातले एकटे खोटे भक्त ठरलो याचं दुःख करावं की फोन सुटला याचा आनंद, हे सेतुमाधवरावांना घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी आले तेव्हा पाच वाजून गेले होते. पाट कोलूशेजारी खिडकीखाली होता आणि टेलिफोनची तार खिडकीतून येत होती, ती कशीबशी पोचली. आता फक्त विजेची वायर जोडायची. सेतुमाधवरावांनी भांडार खात्याच्या शिस्तीने सगळ्या यंत्रांचे चार्जर आणि अडॅप्टर वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून, प्रत्येकीला चिठ्ठी लावून, एका पिशवीत ठेवले होते. त्यांनी अभिमानाने पिशवी ओतली. नऊ पुरचुंड्या निघाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात एकच मजकूर होता, 'अडॅप्टर, काळा, नग एक.'

"कुठला कशाचा ते नाही लिहिलंत, अप्पा?" सुनेत्राने विचारलं.

"भांडारांत तसं लिहीत नाहींत. वस्तु, रंग, नग."

सुनेत्राने दोन्ही हात पाठीमागे घेतले, कारण तुळसीबाईंची नजर तिच्या हातांवर होती, आणि खाली बसली. "बरं. एकेक मला दाखवा. हा नाही, याची पिन जाड आहे. हा मोबाइलचा... थांबा, मोबाइल तर जमेल!"

मोबाइल जमला नाही. चार्जर नुसता भिंतीत राहिला तरी वीज खातो, म्हणून सेतुमाधवरावांनी तो आदल्या संध्याकाळीच गुपचूप काढला होता. बॅटरी रिकामी होती, आणि हा चार्जर व्यंकटच्या मोबाइलचा निघाला. तिचा चार्जर व्यंकट चुकून ऑफिसात घेऊन गेला होता. नवव्या पुरचुंडीत टेलिफोनचा अडॅप्टर सापडला तेव्हा सव्वासहा झाले होते.

आता प्लग लावायला जागा हवी. पाटाजवळ भिंतीत एकच सॉकेट होता आणि त्यात बाजूच्या देवघरातला डबा 'गोविंदा, गोविंदा' म्हणत होता. लांब वायरीचा बोर्ड देवीपुढेच होता, पण तो आणखी एक यंत्र म्हणून मोजायचा की कसं, हे आचार्यांना विचारायचं राहिलं होतं.

सेतुमाधवरावांनी डब्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. सुनेत्राने घड्याळाकडे पाहिलं. साडेसहाला पाच मिनिटं होती. तुळसीबाई उठल्या, त्यांनी डब्याला नमस्कार केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा प्लग स्वतःच्या हाताने ओढून काढला. घर एकदम सुनं झालं.

"तोपर्यंत मी म्हणतें," असं म्हणून त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या आणि हळू आवाजात गोविंदाचं नाव घेऊ लागल्या. तितक्यात दाराची कडी वाजली.

आत आल्या त्या श्रीलक्ष्मीमामी, जरीची साडी नेसून, हळदकुंकवाला. त्यांनी कोणाची वाट न पाहता कोलूपुढे बैठक मारली, घसा खाकरला आणि देवीचं एक लांबलचक गाणं सुरू केलं. त्याच क्षणी टेलिफोन वाजला.

"अप्पा, वरचं हिरवं बटन! त्याच्याखालचं नाही, वरचं! आता स्पीकरचं!"

सेतुमाधवरावांनी बटनं दाबली आणि अमेरिकेतल्या साहेबाचा आवाज मिक्सी आणि इस्त्री यांच्यामधून खोलीभर पसरला. सुनेत्रा हात पाठीशी बांधून, पाटापुढे ओणवी होऊन इंग्रजीत बोलू लागली.

"मामी, हळू म्हणा की," तुळसीबाई नामस्मरणातून कुजबुजल्या.

मामींनी मान हलवली आणि एक ओळ हळू म्हटली. पण पुढची ओळ वरच्या पट्टीतली होती, ती हळू म्हणता येत नव्हती. आणि देवीचं गाणं मध्येच सोडता येत नाही.

साहेबाने शिक्षण विचारलं, अनुभव विचारला. ही नोकरी म्हणजे जगभरच्या गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या यंत्रांना फोनवरून दुरुस्त करायची. साहेब म्हणाला, "समजा, एका गिऱ्हाइकाचं यंत्र बंद पडलंय. त्याला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला ते दिसत नाही, हात लावता येत नाही. तुम्ही काय कराल?"

सुनेत्राने उत्तराला सुरुवात केली आणि टेलिफोनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. साहेबाचा आवाज तुटू लागला. दोन वर्षं एकच प्लग सहन करून सॉकेट सैल झाला होता.

"एक मिनिट, सर," ती इंग्रजीत म्हणाली आणि सासऱ्यांकडे वळली. "अप्पा, घाबरू नका. खाली बसा. प्लग दिसतोय? तो आत दाबा. दिवा लागला?"

"लागला." सेतुमाधवराव कोलूच्या पायऱ्यांखाली अर्धे घुसले होते. "गेला!"

"काही हरकत नाही. सोडू नका. आता जरा डावीकडे कलवा. तुमच्या डावीकडे. हं. दिवा?"

"लागला. गेला. लागला... लागलाच आहे!"

"छान. आता तसाच धरून ठेवा. हात दुखला तर सांगा, आपण दुसरं काही तरी करू."

"दुखूं दे," पायऱ्यांखालून उत्तर आलं.

साहेबाचा आवाज स्पष्ट झाला. त्याने विचारलं, "तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? सुनेत्राने सगळं सांगून टाकलं. सासरे चौसष्ट वर्षांचे आहेत, त्यांनी आज सकाळी घरातले सगळे प्लग काढले, आज आमच्याकडे यंत्रांचा सण आहे, मला फोनला हात लावायची परवानगी नाही, माझे हात पाठीमागे आहेत, आणि गाणं म्हणताहेत त्या आमच्या शेजारी आहेत, त्यांचं अजून एक कडवं राहिलंय.

साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग साहेब म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि फोन बंद झाला.

मामींचं कडवंही तेवढ्यात संपलं. मामींना सुंडल देऊन तुळसीबाईंनी दारापर्यंत पोचवलं, आणि या वेळी फूलवालीला कळू नये म्हणून त्या मामींनाही काही बोलल्या नाहीत. सेतुमाधवराव पायऱ्यांखालून बाहेर आले. त्यांच्या केसांत कोळिष्टकं होती आणि बोटाला प्लगचा वळ पडला होता.

"माझ्यामुळे गेली तुझी नोकरी," ते म्हणाले. "मी सगळं घर बंद करून बसलों आणि तूंच घरांत अडकलीस." त्यांनी वही घेतली, मीटरचं पान फाडलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. त्या दिवशी त्यांनी सुंडलही खाल्लं नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. सुनेत्राची निवड झाली होती. साहेबाने अभिप्राय लिहिला होता की दिसत नसलेलं यंत्र, हात न लावता, एका अतिशय अवघड गिऱ्हाइकाकडून, आवाज न चढवता दुरुस्त करून घेतलेलं त्याने मुलाखतीत पहिल्यांदाच ऐकलं. तुळसीबाईंनी अर्ध्या तासात पूर्ण रस्त्याला बातमी दिली. अतिशय अवघड गिऱ्हाईक म्हणजे कोण, हे सेतुमाधवरावांनी दोनदा विचारलं, पण सुनेने विषय बदलला.

नोव्हेंबरात कंपनीची गाडी दाराशी आली. कंपनीचं ऑफिसही शोळिंगनल्लूरलाच, लांब, म्हणून आठवड्यातले तीन दिवस सुनेत्राने घरून काम करायचं ठरलं होतं. दोन माणसांनी हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला, त्याच्या शेजारी मोडेम, त्याखाली यूपीएस, आणि त्यांच्यामध्ये आणखी दोन पेट्या ठेवल्या. सगळं जोडून झाल्यावर सेतुमाधवरावांनी सवयीने मोजलं. नवे लाल दिवे अकरा होते.

"रात्री हे बंद कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"बंद करायचंच नाही, सर," त्या तमिळ इंजिनिअरने इंग्रजीत सांगितलं. "कधीच नाही. गिऱ्हाईक कधीही येतं. यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे, मॅडम घरी असोत, नसोत. त्यासाठी कंपनीला घरातली एक जबाबदार व्यक्ती लागते, दिवसभर घरी असणारी." त्याने एक छापील कागद पुढे केला. "इथे सही करा."

सेतुमाधवरावांनी चष्मा लावून कागद तीनदा वाचला. निवृत्तीनंतर चार वर्षांत जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांची सही कुणी मागितली नव्हती. त्यांनी शाईचं पेन आणवलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

आता रोज सकाळी बरोबर दहाला घरचा टेलिफोन वाजतो. सेतुमाधवराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसलेले असतात.

"सर, सगळे दिवे चालू आहेत ना?" पलीकडून कंपनीची मुलगी विचारते.

"अकराच्या अकरा," सेतुमाधवराव सांगतात. "पहाटे चारला उठून एकदा पाहून आलों. कोणी हात लावत नाहीं. मी लावूं देत नाहीं."